पाळणाघराच्या हॉलमध्ये काय घ्यायचं, आणि त्याआधी काय बाहेर काढायचं

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. म्हणजे नाशिकला स्वतःच्या २ बीएचकेच्या हॉलमध्ये पाळणाघर सुरू करताय, सुरुवातीला ६ मुलं, सगळ्यात लहान १० महिन्यांचं आणि सगळ्यात मोठं ३ वर्षांचं, एक रंगीत टेबल आणि ६ खुर्च्यांचा सेट ऑनलाइन बघून कार्टमध्ये टाकून ठेवलाय, आणि विचारताय की हा घेऊ का, प्रत्येकाला एक फीडिंग चेअर लागेल का, सुताराकडून करून घेतलं तर बरं पडेल का, आणि कुणाचं जुनं मिळतंय ते चालेल का. मी बरीच वर्षं पाळणाघर चालवतेय, पुण्यात, आधी भाड्याच्या घरात आणि आता स्वतःच्या, त्यामुळे जे वापरून बघितलंय तेच सांगते. आधी तो सेट कार्टमधून काढा.

कारण सांगते. असल्या सेटच्या वर्णनात "२ ते ८ वर्षं" असं काहीतरी लिहिलेलं असतं आणि खाली बारीक अक्षरात बसायची उंची बघितली तर ती साधारण १०-१२ इंच निघते. आता तुमची मुलं बघा. वर्षाच्या मुलाची उंची सरासरी ७५ सेंटीमीटरच्या आसपास असते, दोन वर्षाच्याची ८६-८७, तीन वर्षाच्याची ९५-९६, हे डब्ल्यूएचओच्या वाढीच्या तक्त्यातले मधले आकडे, आपल्याकडची पुष्कळ मुलं याहून थोडी कमीच भरतात. एवढ्याशा मुलाचं गुडघ्यामागच्या खळीपासून टाचेपर्यंतचं माप म्हणजे वर्षाच्याचं जेमतेम ६-७ इंच, दोन वर्षाच्याचं ८ च्या आसपास. त्याला १२ इंचाच्या खुर्चीवर बसवलं की पाय लोंबकळणारच. युरोपात शाळेच्या फर्निचरचं एक स्टँडर्ड आहे, ईएन १७२९, त्यात सगळ्यात छोटा साइझ म्हणजे शून्य नंबर, त्याची बसायची उंची २१ सेंटीमीटर आणि टेबल ४० सेंटीमीटर, आणि तो ८० ते ९५ सेंटीमीटर उंचीच्या मुलांसाठी आहे. म्हणजे तिथला सगळ्यात बुटका साइझसुद्धा सव्वाआठ इंचाचा आहे आणि तुमची दीड वर्षाच्या आतली मुलं त्यातही बसत नाहीत, मग १२ इंचाचं काय घेऊन बसलात.

पाय टेकण्याचं एवढं काय कौतुक असं वाटेल, पण सगळं तिथूनच सुरू होतं. पाय लोंबकळले की मूल पुढे घसरतं, मग वर ओढून घेतं, मग एक पाय वर घेऊन बसतं, मग गुडघ्यावर, मग उभंच राहतं खुर्चीत, आणि मग आपण म्हणतो हा एका जागी बसतच नाही. अहो बसेल कसा, त्याला आधारच नाही खाली. पाय सपाट टेकले की कंबर स्थिर राहते, कंबर स्थिर राहिली की हात मोकळा होतो आणि चमचा तोंडापर्यंत जातो. तेच मूल बुटक्या खुर्चीवर १५ मिनिटं खडू घेऊन बसतं. शिवाय पाय टेकत असले की ते स्वतः बसतं आणि स्वतः उठतं, आणि पाळणाघरात हे फार मोठं आहे, कारण ६ मुलांना प्रत्येक वेळी उचलून बसवायचं आणि उचलून उतरवायचं म्हटलं तर संध्याकाळपर्यंत तुमच्या कमरेचं काय होईल ते मी सांगायला नको.

तर माप असं धरा. साधारण वर्ष ते दीड वर्ष, नीट चालायला लागलेली मुलं, त्यांना साडेपाच ते साडेसहा इंच. दीड ते अडीच, ७ ते ८ इंच. अडीच-तीनच्या पुढे ८ ते १० इंच. टेबलाची उंची वेगळी शोधायची नाही, खुर्चीच्या बसायच्या उंचीत ७ ते साडेसात इंच मिळवायचे. म्हणजे साडेपाचच्या खुर्चीला साडेबारा-तेराचं टेबल, ८ च्या खुर्चीला १५ ते साडेपंधरा. मूल बसल्यावर कोपर दुमडून टेबलावर सहज टेकलं पाहिजे, खांदे कानाकडे वर गेले तर टेबल उंच आहे. आणि बसायची फळी खोल नको, पाठ टेकवून बसल्यावर गुडघ्यामागे आपली दोन बोटं जातील एवढी जागा हवी, फळी जास्त खोल असली की मूल पाठ टेकवायला मागे सरकतं आणि पाय सरळ पुढे येतात, म्हणजे परत तेच.

आपल्याकडे एक सवय आहे, मुलांचं सगळं वाढत्या अंगाचं घ्यायचं. युनिफॉर्म घेताना ठीक आहे, बाही दुमडता येते, पण खुर्ची दुमडता येत नाही. पालकांसाठी हे समजू शकते, त्यांचं एकच मूल असतं आणि ते मोठं होतं. पाळणाघरात उलटं आहे बघा, तुमची मुलं मोठी होऊन जातात आणि त्यांच्या जागी परत वर्षाची येतात, म्हणजे तुमची खुर्ची कायम दोन वर्षाच्याच मुलासाठी लागणार. त्यामुळे "पुढे होईल" हा हिशोब आपल्याला लागूच होत नाही.

आता खरेदीच्या आधीचं काम. हॉलमधून आधी सामान बाहेर काढा. काचेचा टीपॉय पहिला, त्याला पर्याय नाही, नुसते कोपऱ्यांना रबरी गार्ड लावून ठेवणं हे मला अजिबात पटत नाही, मुलं ते गार्ड दोन दिवसात काढून चघळतात. शोकेस किंवा उंच कपाट हॉलमध्येच राहणार असेल तर भिंतीला एल पट्टीने स्क्रू मारून बांधून टाका, कारण दीड वर्षाचं मूल ड्रॉवर उघडतं आणि त्याची पायरी करतं. दिवाण असेल आणि त्याचं झाकण उचलून आत सामान ठेवायचं असेल तर त्याला बाहेरून कडी. आणि सोफा एक ठेवायला हरकत नाही, मुलं त्याला धरून चालायला शिकतात, फक्त तो खिडकीखाली नको, खिडकीखाली चढता येईल असं काहीच नको, मग ग्रिल असो नसो.

हे सगळं काढल्यावर तुम्हालाच दिसेल की जमीन मोकळी झाली, आणि या वयाच्या मुलांचं खरं फर्निचर म्हणजे मोकळी जमीन. माझ्याकडे दिवसभरात मुलं खुर्चीवर बसतात ती नाश्ता, जेवण आणि एखादं टेबलावरचं काम एवढ्यापुरतीच, बाकी सगळं खालीच. आपल्याकडची मुलं मांडी घालून बसतात, उकिडवी बसतात, पटकन उठतात, हे चांगलंच आहे, ते खुर्च्या आणून बिघडवायचं कशाला. नवीन पाळणाघर बघायला आलेले पालक कधी कधी विचारतात, "खुर्च्या नाहीत का?" त्यांना मी सरळ सांगते की आहेत, गरज असते तेव्हा काढतो. हॉल भरलेला दिसावा म्हणून फर्निचर घेऊ नका. फोटोत चांगलं दिसतं आणि मुलांना पळायला जागा उरत नाही, मग ती एकमेकांवर आदळतात आणि चावतात.

खाली काय अंथरायचं तर ते फोमचे रंगीत कोडं जोडायचे तुकडे मी घेत नाही. दात येणारी मुलं त्याचे कोपरे चावून तोडतात आणि तो तुकडा गिळण्याएवढाच असतो, आणि पावसाळ्यात फटीतून सांडलेलं पाणी खाली जाऊन दोन दिवसात वास मारतो. एकसंध घडीची फोमची मॅट चांगली, किंवा मग जाड सतरंजी आणि तिच्याखाली घसरू नये म्हणून रबरी जाळी. जेवायच्या जागी मात्र सतरंजी नको, तिथे रेक्झिन किंवा प्लास्टिकची चटई, वरणभात सांडला की पुसून मोकळं.

जेवायला बसवायचं म्हणाल तर दीड वर्षाच्या पुढची मुलं पाटावर किंवा चटईवर पंगतीत छान बसतात आणि समोर ८-९ इंचाचा लांबट चौरंग असला की ताटली सरकत नाही. मला हे टेबलखुर्चीपेक्षाही आवडतं, एकमेकांचं बघून खातात, आणि पडलं तरी दोन इंचावरून पडणार. जुने घरातले पाट असतील तर काढा, फक्त उलटे करून खालच्या पट्ट्या हलवून बघा, खिळे वर आलेले नाहीत ना, आणि वर पितळी फुल्या ठोकलेल्या असतील तर त्या ढिल्या होतात, तसला पाट मुलांना देऊ नका. चांगला पाट दुसऱ्याही कामाला येतो, एखाद्या मुलाला खुर्ची थोडी उंच पडत असेल तर त्याच्या पायाखाली सरकवायचा.

फीडिंग चेअर ६ नकोत. तुमच्याकडे १० महिन्यांचं एक आहे, त्याच्यासाठी १, आणि जागा असेल तर अजून १, बस. ६ फीडिंग चेअर २ बीएचकेच्या हॉलमध्ये म्हणजे पाय ठेवायला जागा नाही, त्यांचे पाय बाहेर पसरलेले असतात आणि आपणच अडखळतो. ज्या मुलाला आधाराशिवाय बसता येतं पण अजून चालता येत नाही त्याच्यासाठीच ती आहे. घेताना बघायचं ते असं, खालचे पाय वरच्या सीटपेक्षा रुंद पसरलेले हवेत, दोन पायांच्या मधून येणारा पट्टा हवा, खांद्यावरून येणारा पाच ठिकाणी अडकणारा असेल तर उत्तम, आणि पाय ठेवायची पट्टी हवी, तीसुद्धा मुलाच्या पायाला पोचणारी. ट्रे म्हणजे पट्टा नव्हे, पुष्कळ जण ट्रे लावला की झालं असं समजतात आणि मूल खालून सरकून गळ्याशी अडकतं. आणखी एक, फीडिंग चेअर टेबलाच्या किंवा ओट्याच्या अगदी समोर ठेवू नका, मूल पायाने त्याला रेटतं आणि खुर्चीसकट मागे जातं. चाकं नसलेली घ्या. कापडी गादीची तर बिलकुल नको, दूध जाऊन आंबट वास येतो आणि पट्ट्याच्या शिवणीत भात वाळून बसतो, साधी प्लास्टिकची, जी बाथरूममध्ये नेऊन पाण्याने धुता येईल ती.

रेलून बसायच्या सीटवर, झुल्यावर, बाउन्सरवर खायला द्यायचं नाही, हे मदतनीस मावशींना पहिल्या दिवशीच सांगा. मूल सरळ बसलेलं असेल तरच घास.

ती खाचेत बसवायची फोमची फ्लोअर सीट पण कुणीतरी सुचवेल तुम्हाला. मान धरलेल्या पण अजून न बसणाऱ्या बाळांसाठी असते ती, जमिनीवरच ठेवायची, टेबलावर किंवा ओट्यावर ठेवली की मूल मागे वाकून बाहेर पडतं. अमेरिकेत २०१२ मध्ये असल्या एका प्रसिद्ध सीटचे सुमारे ४० लाख नग पट्टा बसवण्यासाठी रीकॉल करावे लागले होते, पोरं उंचावरून पडून डोक्याला मार लागत होता. तुमचं १० महिन्यांचं त्यातून तसंही चढून बाहेर येईल, पैसे घालवू नका.

वॉकर, म्हणजे चाकं लावलेली गोल सीट ज्यात मूल लोंबकळत पळतं, कुणी फुकट दिला तरी घरात घेऊ नका. कॅनडात २००४ पासून त्याच्या विक्रीवर बंदी आहे. मूल त्यात एवढ्या वेगाने जातं की आपण हात पुढे करेपर्यंत ते जिन्यात किंवा किचनच्या दारात असतं. आणि त्याने चालणं लवकर येतं हा गैरसमजच. त्यापेक्षा आपला लाकडी पांगुळगाडा किती शहाणा, मूल स्वतःच्या पायावर उभं राहतं आणि धरून ढकलतं, नको वाटलं की सोडून देतं. सावंतवाडीला अजून लाकडी मिळतात, कुणी कोकणात जाणारं असेल तर सांगून ठेवा. फक्त गुळगुळीत टाइलवर तो पुढे सुळकन पळतो म्हणून चटईवर वापरायचा, किंवा पुढे थोडं वजन ठेवायचं.

आता दुकानातल्या खुर्च्या. एक म्हणजे ती स्टीलच्या पायपाची, रेक्झिनची गादी असलेली, बसलं की पिपाणी वाजते ती. प्रत्येक घरात असते, प्रत्येक आजीने घेतलेली असते, आणि घरी एका मुलासाठी ठीक आहे. पाळणाघरात तीन अडचणी, दुपारी अर्धी मुलं झोपलेली असताना एकाने तीवर बसून उड्या मारल्या की सगळी उठतात, दुसरं म्हणजे पायपाच्या टोकाचे रबरी बूच निघतात आणि ते नेमके घशात अडकायच्या आकाराचे असतात, आणि रेक्झिन एका बाजूने फाटलं की आतला फोम उकरून खायचा खेळ सुरू होतो. दुसरी म्हणजे मोल्डेड प्लास्टिकची हाताची छोटी खुर्ची. स्वस्त, धुवायला सोपी, एकात एक बसते. वाईट नाही, पण हात असलेल्या खुर्चीत गुटगुटीत मूल अडकतं आणि उठलं की खुर्ची बुडाला चिकटून वर येते, मग ते घाबरून रडतं. बिनहाताची घेतलीत तर बाजूने पडायची शक्यता राहते. घ्यायचीच तर पाय बाहेर पसरलेली, जाड, वजनदार घ्या, आणि दुकानातच मागच्या कडेवर हाताने दाब देऊन बघा, मग पुढच्या कडेवर, मग एका हातावर सगळा भार टाकून. पाय उचलला गेला की ती खुर्ची परत ठेवायची. दुकानदार म्हणेल "अहो मुलं असं थोडीच करतात", करतात, अगदी हेच करतात, आणि उभीही राहतात.

बीनबॅग नको. चेन उघडली की थर्माकोलचे मणी नाकातोंडात जातात, आणि लहान बाळ त्यात तोंड खुपसून पडलं तर त्याला मान वळवता येत नाही. वेताच्या छोट्या खुर्च्या दिसायला गोड पण वेत सुटला की टोकं टोचतात, आणि सांध्यात ढेकूण झाले तर पाळणाघर बंद ठेवायची वेळ येते. फोल्डिंगचं काहीही नको, बिजागरीत बोटं चिमटतात, एवढंच पुरे.

मग घ्यायचं काय, तर माझा सल्ला, सुताराकडून क्यूब खुर्च्या करून घ्या. ही म्हणजे दोन बाजूला दोन फळ्या, मागे एक फळी, आणि मधे बसायची फळी मुद्दाम मध्यभागी न लावता वरखाली लावलेली, त्यामुळे खुर्ची सरळ ठेवली तर एक उंची आणि उलटी केली तर दुसरी. एकच खुर्ची वर्षाच्यालाही चालते आणि अडीच वर्षाच्यालाही. दोन्ही बाजूला फळी असल्याने मूल बाजूला कलंडत नाही आणि पाय नसल्याने डगडगत नाही. माप लिहून घ्या. उंची १३ इंच, प्लाय १२ एमएम. बसायच्या फळीचा वरचा भाग जमिनीपासून साडेपाच इंचावर. आता प्लायची जाडी अर्धा इंच धरली तर फळीचा खालचा भाग ५ इंचावर येतो, आणि खुर्ची उलटी केली की तोच वर येतो, १३ वजा ५ म्हणजे ८ इंच. साडेपाच आणि आठ, दोन्ही उंच्या मिळाल्या. सुतार हिशोबात जाडी धरायला विसरतो म्हणून एवढं फोडून सांगितलं. आतली रुंदी ११ इंच. बाजूच्या फळ्या १२ इंच खोल करायच्या पण पाठीची फळी मागच्या कडेपासून २ इंच आत घ्यायची, म्हणजे बसायला साडेनऊ इंचच खोली उरते आणि मागे दोन इंचाचा आधार राहतो, मूल पाठीवर रेललं तरी खुर्ची मागे जात नाही. अगदी छोट्यांना साडेनऊसुद्धा जास्त वाटली तर पाठीमागे एक घट्ट उशी. एका खुर्चीला साधारण ४ चौरस फूट प्लाय लागतो, म्हणजे ८ बाय ४ च्या एका शीटमध्ये ६ खुर्च्या बसून थोडा तुकडा उरतो. वजन होतं अडीच-तीन किलो, मूल ढकलत नेऊ शकतं पण उचलून दुसऱ्याच्या डोक्यात घालू शकत नाही, जे हलक्या प्लास्टिकच्या खुर्चीचं होतं.

सुतार हमखास म्हणेल, "मॅडम, एवढी बुटकी? दोन इंच वाढवतो." नाही म्हणायचं. कागदावर माप लिहून सही केल्यासारखं द्यायचं आणि आधी एकच करून घ्यायची, आपल्याकडच्या एखाद्या मुलाला बसवून बघायची, मग बाकीच्या.

प्लाय घेताना मरीन ग्रेडचा, म्हणजे पाण्याला टिकणारा, त्यावर आयएस ७१० लिहिलेलं असतं ते बघायचं. साधा आयएस ३०३ चा एमआर ग्रेड, म्हणजे नुसत्या दमटपणाला टिकणारा, थोडा स्वस्त पडतो पण आपल्याकडे दिवसातून तीनदा ओलं पुसणं होतं आणि खुर्चीची खालची कड कायम पाण्यात असते. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड, म्हणजे लाकडाचा भुगा दाबून केलेल्या फळ्या, तर नकोच, ऑनलाइन सेटातली पुष्कळ टेबलं त्याचीच असतात, एक पावसाळा गेला की पाय फुगून भाकरीसारखे होतात आणि स्क्रू धरत नाहीत. सगळ्या कडा राउटरने, म्हणजे सुताराच्या कडा घासायच्या मशीनने, गोल करून घ्या, नुसतं पॉलिश पेपर मारून भागत नाही. सनमायका लावायचाच असेल तर फक्त टेबलाच्या वर, खुर्चीला नको, कारण कडेचा सनमायका टवका उडाला की ब्लेडसारखा कापतो. स्क्रूची डोकी आत बुडवून वर पुट्टी, खिळे नकोत. आणि कुठेही करंगळी जाईल पण अडकेल अशी फट किंवा भोक ठेवू नका, उचलायला खाच हवी असेल तर ती चांगली चार बोटं जातील एवढी लांबट.

रंगाचं थोडं लक्ष द्या. भारतात घरगुती रंगात शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाखात ९० भागांच्या, वर नसावं हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे, त्यामुळे चांगल्या कंपनीचा, डब्यावर शिशाबद्दल स्पष्ट लिहिलेला, पाण्यात मिसळायचा रंग घ्या. सुताराच्या पिशवीतला उरलेला बिननावाचा डबा चालवून घेऊ नका. रंग वाळल्यावरही खुर्च्या आठवडाभर गॅलरीत वारा लागेल अशा ठेवा. खरं तर मला रंगापेक्षा साधं क्लिअर पॉलिश आवडतं, डाग दिसतो आणि पुसला जातो. कोणती बाजू खालची हे मावशींना कळावं म्हणून कमी उंचीच्या बाजूला एक रंगाचा ठिपका द्या, काम सोपं होतं.

टेबल एकच, ४ फूट बाय २ फूट. लांब बाजूला दोन-दोन आणि टोकांना एकेक अशी ६ मुलं बसतात, प्रत्येकाला २४ इंच कड मिळते, १८-२० इंचाहून कमी दिली की कोपर लागून भांडणं. उंचीचा प्रश्न येईल कारण खुर्च्या दोन उंचीच्या आहेत, तर टेबल १५ इंचाचं करा आणि छोट्यांसाठी चौरंग वापरा, म्हणजे साडेपाचच्या खुर्चीला १३ इंचाचा बाकडेवजा चौरंग, आणि मांडी घालून बसणाऱ्यांना ८-९ इंचाचा. ते घोड्याच्या नालेसारखं टेबल परदेशी व्हिडिओत दिसतं, मधे बाई बसते आणि भोवती मुलं. कल्पना चांगली आहे पण आपल्या हॉलमध्ये ते भिंतीला लावून उभं करता येत नाही, अर्धी खोली खाऊन बसतं.

एक गोष्ट सगळेच विसरतात ती म्हणजे मोठ्या माणसाची बसायची जागा. मुलांचं सगळं जमिनीपासून फूटभर उंचीवर असतं आणि मावशी दिवसभर वाकून, उकिडवं बसून, गुडघ्यावर हात ठेवून उठतात. वर्षभरात गुडघे जातात आणि मग मावशी जातात, आणि चांगल्या मावशी परत मिळणं किती अवघड ते कळेलच. एक १० ते १२ इंचाचं बुटकं, रुंद बुडाचं स्टूल किंवा मोढा, आणि भिंतीशी पाठ टेकवायला एक जाड गादी, एवढं आधी घ्या, मुलांच्या खुर्च्यांच्या आधी घ्या म्हटलं तरी चालेल. मोढ्याला ढेकणाचं वर सांगितलंच आहे, प्लास्टिक दोरीचा घ्या. डायपर बदलायला उंच टेबल घेऊ नका, बाळ एका क्षणात पालथं होतं, खाली गादीवर रेक्झिन टाकून बदला आणि त्या स्टूलवर बसा.

खेळण्यांसाठी उघडी शेल्फ, दोन फुटांच्या आतली, जड खेळणी खाली. झाकणाची पेटी नको, झाकण मानेवर किंवा बोटांवर पडतं, टोपल्या किंवा उघडे क्रेट बरे. तुमचं घर स्वतःचं आहे म्हणून ड्रिल मारून शेल्फ भिंतीला बांधा. भाड्याच्या घरात मालक नाही म्हणतात, मला तो अनुभव आहे, तेव्हा शेल्फ इतकी बुटकी आणि रुंद ठेवायची की मूल लोंबकळलं तरी पडणार नाही, आणि दोन शेल्फ पाठीला पाठ लावून बोल्टने जोडल्या की खोलीचे दोन भागही होतात.

झोपायला दीड वर्षाच्या पुढच्यांना ज्याची त्याची पातळ, घट्ट गादी, धुता येणारी खोळ आणि खोळीवर नावाची पट्टी. कापसाच्या गाद्या चालतात पण पावसाळ्यात उन्हाशिवाय त्यांना कुबट वास लागतो, तेव्हा निदान रेक्झिनचं अस्तर लावून घ्या. १० महिन्यांच्या बाळाला सपाट, घट्ट गादी, उशी नाही, लोड नाही, भोवती मऊ खेळणी नाहीत, आणि फीडिंग चेअरमध्ये डोळा लागला तर उचलून गादीवर.

बजेट तुम्ही लिहिलं नाहीये, पण क्रम असा ठेवा. आधी चटई आणि मोठ्यांचं स्टूल, मग एक फीडिंग चेअर, मग ६ क्यूब खुर्च्या आणि एक चौरंग, आणि टेबल दोन महिन्यांनी, मुलं कशी आहेत ते बघून. कदाचित टेबल लागणारच नाही.

जुन्याचं म्हणाल तर प्लास्टिकच्या गोष्टी, फीडिंग चेअर वगैरे, ओळखीतलं घ्यायला हरकत नाही, पट्ट्याचं बक्कल जोरात ओढून बघा, आणि प्लास्टिक उन्हात राहून पांढरट, ठिसूळ झालेलं नाही ना ते वाकवून बघा. पट्टा हरवलेली फीडिंग चेअर फुकट मिळाली तरी नको. रंगवलेलं जुनं लाकडी सामान २०१७ च्या आधीचं असेल तर त्याचा रंग कसला आहे कळायला मार्ग नाही, मुलं कड चावतात, तेव्हा ते सोडून द्या. घरी घासून नवीन रंग देण्याच्या भानगडीतही पडू नका, घासताना उडणारी धूळच जास्त वाईट. आणि कुणी जुना लाकडी पाळणा किंवा कॉट देत असेल तर उभ्या पट्ट्यांमधलं अंतर टेपने मोजा, ६ सेंटीमीटरपेक्षा जास्त असेल तर बाळाचं अंग त्यातून जातं आणि डोकं अडकतं. एखादी पट्टी निघालेली असेल तर "बाकीच्या आहेत की" म्हणून घेऊ नका. गादी पण कॉटच्या मापाचीच हवी, कडेला दोन बोटांपेक्षा जास्त फट राहिली तर ती बदलून घ्या.